भोंगा मोठा केल्याने काय साधणार?

लहान खासगी विमाने कधीकधी चाके न उघडताच धावपट्टीवर टेकतात, त्यावर ‘धोक्याचा भोंगा अधिक कर्कश करावा’ हा लेखातील उपाय मला पटला नाही. बहुतेक विमानांत हा भोंगा थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला, जोडलेला असतो. चाके आत असताना इंजिनाची शक्ती ठरावीक मर्यादेखाली आणली की तो वाजतो. स्टॉलचा (वेग घटून पंखांची उचल संपण्याच्या स्थितीचा) सराव करताना किंवा उंचीवरून भरभर खाली येतानाही, म्हणजे उतरायचे नसतानाही, तो कोकलत राहतो आणि शेवटी वैमानिकाच्या कानाला त्याची सवय होऊन जाते. पाण्यावर व जमिनीवर उतरणाऱ्या विमानांत तर पाण्यात चाके उघडी राहणे हाच मोठा घात. तिथे हा भोंगा काय कामाचा?

ओझरला विमानांच्या देखभालीत माझी नोकरी झाली. विमान जॅकवर चढवून चाके वर-खाली करून पाहताना, चाकाजवळचा मायक्रोस्विच (छोटा विजेचा खटका) किंचित सरकलेला असला तर चाक उघडून पक्के बसूनही वैमानिकासमोरचा त्या चाकाचा हिरवा दिवा लागत नाही, हे आम्हाला ठाऊक असे. पायपर कंपनीच्या काही विमानांत नेव्हिगेशन दिवे (विमानाच्या बाहेरचे खुणेचे दिवे) चालू केले की हे हिरवे दिवे मंद होतात आणि भर उन्हात विझल्यासारखे भासतात. मग चाके उघडली असूनही वैमानिक घिरट्या घालत बसतो. धावपट्टी समोर आल्यावर तिन्ही चाकांचे दिवे बोट ठेवून, मोठ्याने उच्चारून पुन्हा तपासण्याची सवय अनेक प्रशिक्षक लावतात. लेखात तिचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.