पंचांचा निर्णय आणि पुढची लढत

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या (मातीऐवजी मॅटवर होणाऱ्या कुस्त्यांच्या) अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट ठरवले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असे म्हणत त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली आणि कुस्तीगीर संघाची तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तेव्हापासून गावाकडच्या मित्रांशी कुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘परदेशातले खेळाडू बघा, निर्णय पटला नाही तरी हात मिळवून खाली उतरतात.’ मी राहतो त्या डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहराचा लढवय्या मार्टिन काम्पमन हा या वाक्याचा चालताबोलता दाखला ठरावा. मात्र त्याची कारकीर्द जवळून पाहिली, तर श्रेय संस्कारांना देण्याआधी थोडे थांबावे लागते.

काम्पमनचा जन्म 1982 चा. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती-ज्युडोची पकड हे सारे एकत्र चालणाऱ्या खेळात, त्याने नाव कमावले खरे. पण त्यासाठी त्याला डेन्मार्क सोडून लास व्हेगास गाठावे लागले. या खेळातली सर्वांत मोठी संस्था असलेल्या यूएफसीत तो 2006 मध्ये उतरला. त्याच संस्थेने कोपनहेगनमध्ये पहिली स्पर्धा भरवली ती 2019 मध्ये, म्हणजे तो निवृत्त झाल्यानंतर. तेव्हा ‘परदेशात खेळाडूची कदर होते’ हे वाक्यही जरा जपूनच वापरलेले बरे.

या खेळात लढत ठरलेल्या वेळेत निकाली निघाली नाही, तर पिंजऱ्याबाहेर बसलेले तीन पंच प्रत्येक फेरीचे गुण स्वतंत्रपणे देतात. ऑक्टोबर 2010 मध्ये जेक शील्ड्सविरुद्ध तिघांपैकी दोघांचे मत काम्पमनच्या विरोधात गेले. शील्ड्सला पुढे तेव्हाचा विजेता जॉर्जेस सेंट-पिएर याच्याशी विजेतेपदासाठी लढायची संधी मिळाली आणि काम्पमन मागे राहिला. मार्च 2011 मध्ये लुईव्हिल येथे डिएगो सांचेझविरुद्ध तर कमालच झाली. पहिल्या फेरीत काम्पमनने सांचेझला ठोशाने खाली पाडले, स्वतःला जमिनीवर पाडण्याचे सांचेझचे बहुतेक प्रयत्न त्याने उधळून लावले, आणि अखेरच्या घंटेला सांचेझचा चेहरा सुजून रक्ताळलेला होता. तरीही तिन्ही पंचांनी 29-28 असे गुण सांचेझच्या बाजूने दिले. लढत पाहणाऱ्या अनेकांना हा निकाल त्या वेळी पटला नव्हता आणि मला आजही पटत नाही. करारात लढण्याचे मानधन वेगळे आणि जिंकल्याचे वेगळे, आणि बहुधा तेवढेच, असल्यामुळे अशा एका निकालाने खेळाडूची निम्मी कमाई जाते. पंचांच्या मताविरुद्ध दाद मागून निकाल फिरवून घेणे तिथेही जवळजवळ अशक्यच.

काम्पमनने कोणाला लाथ मारली नाही, हे खरे. परंतु आठ महिन्यांनी त्याची रिक स्टोरीशी लढत झाली आणि ती त्याने जिंकली. मार्च 2012 मध्ये सिडनीत थियागो आल्वेसने शेवटच्या फेरीत त्याला ठोशाने डळमळीत केले. लढत हातातून निसटत चालली होती. तेवढ्यात आल्वेस त्याला खाली घेण्यासाठी आत घुसला, काम्पमनने त्याची मान काखेत धरली आणि त्याला हार मान्य करायला लावली. तीन महिन्यांनी जेक एलनबर्गरकडून पहिल्या फेरीत पडूनही दुसऱ्या फेरीत त्याने गुडघ्याच्या फटक्याने लढत संपवली. ज्याला वर्षभरात अशी दारे पुन्हा उघडतात, त्याला एका रात्रीचा अन्याय गिळणे सोपे जाते, असे मला वाटते.

आपल्याकडचा मल्ल काय गमावतो ते पाहा. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा वर्षातून एकदाच मिळते, आणि गदेमागे सरकारी नोकरीची आशा असते. विजय चौधरी आणि नरसिंग यादव यांना मिळालेले पोलीस उपअधीक्षकपद तालमीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. घरच्यांनी खुराकासाठी काढलेले कर्ज, वस्तादांची वर्षे, गावाची वर्गणी हे सारे एका पकडीवर आणि एका पंचाच्या नजरेवर येऊन थांबते. राक्षे याआधी दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल होता, त्यामुळे हे सगळे त्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि पंचावर पाय उचलणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. बंदी योग्यच होती. पण शिक्षेवर जितकी चर्चा झाली, तितकी खांदे टेकले की नाही हे कोणी, कसे आणि किती वेळात तपासायचे यावर झाली नाही. (त्याच वर्षी दोन वेगळ्या संघटनांनी अहिल्यानगरला आणि कर्जतला दोन महाराष्ट्र केसरी ठरवले. गदा दोन होऊ शकतात, दाद मागण्याची सोय मात्र एकही धड होत नाही.)

इथे डेन्मार्कमध्ये लहान मुलांच्या ज्युडो स्पर्धांत मुलांना चार-पाच जणांच्या गटात टाकतात आणि प्रत्येकाला गटातल्या सगळ्यांशी लढावे लागते. पहिली लढत हरलेला मुलगा नाक पुसत पुन्हा रांगेत येतो, कारण त्याचे नाव अजून यादीत असते. ही डॅनिश स्वभावाची थोरवी नव्हे, स्पर्धेची आखणीच तशी आहे.

काम्पमनच्या वाट्यालाही शेवट गोड आला नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये जॉनी हेन्ड्रिक्सने त्याला 46 सेकंदांत बेशुद्ध पाडले, 2013 मध्ये कार्लोस कॉन्डिटकडून तो हरला आणि एकतिसाव्या वर्षी त्याची शेवटची लढत होऊन गेली. विजेतेपदासाठी लढायची संधी त्याला कधीच मिळाली नाही. पुढे तो कॅलिफोर्नियात प्रशिक्षक झाला. ‘निकाल पंचांच्या हाती सोडू नका’ असे या खेळातले लोक वारंवार सांगतात, आणि मला ते पळवाटीसारखे वाटते, कारण चुकलेल्या पंचाची जबाबदारी त्यातून अलगद खेळाडूच्या खांद्यावर येते. कुस्तीगीर संघाने निदान गादीवरच्या अंतिम लढतींत चित्रफीत पाहून, ठरलेल्या मिनिटांत, कारणासह निर्णय देण्याची पद्धत सक्तीची करावी आणि चुकीच्या निर्णयाचा फटका बसलेल्या मल्लाला त्याच हंगामात पुन्हा लढू द्यावे.