‘पाच लाखांत सगळे भागते’ या दाव्याविषयी

‘पाच लाखांची कॅशलेस पॉलिसी असली की रुग्णालयात खिशाला हात लावावा लागत नाही, नव्या नियमाने जुने आजारही पहिल्या दिवसापासून त्यात येतात, टॉप-अप आणि क्रिटिकल इलनेस ही एजंटांची कमिशनची सोय आहे,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. (टॉप-अप म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर घेतलेला जादा आरोग्य विमा, क्रिटिकल इलनेस म्हणजे गंभीर आजारांचा विमा.) त्याच्या शेवटच्या वाक्यात थोडे तथ्य आहे; पहिल्या दोहोंत नाही.

उदाहरणासाठी ‘आरोग्य संजीवनी’ ही 2020 पासूनची प्रमाणित पॉलिसी घेऊ, कारण तिच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्याच असतात. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 2 टक्के, परंतु दिवसाला कमाल 5,000 रुपये आहे. म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीलाही 10,000 नव्हे, 5,000च मिळतात. 8,000 रुपयांची खोली घेतली तर वरचे 3,000 भरून सुटू, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात, खोलीच्या वर्गानुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात, म्हणजे 8,000 ला 5,000 या हिशेबाने, कापली जाते: 80,000 पैकी 50,000 ग्राह्य धरले जातात, त्यातून प्रत्येक दाव्याला लागू असलेला 5 टक्के को-पे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायचा वाटा, वजा होतो आणि मिळतात 47,500. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून वगळलेल्या आहेत, एवढाच दिलासा.

याशिवाय बिलाच्या शेवटच्या पानांवर हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट अशा ओळी असतात. विमा नियामकाच्या यादीत अशा 68 बाबी आहेत आणि वेगळे संरक्षण घेतले नसेल तर त्या रुग्णाच्याच माथी येतात. कॅशलेसचा अर्थ कंपनी तिचा वाटा परस्पर रुग्णालयाला देते, इतकाच आहे. मधुमेहाच्या दरमहाच्या गोळ्या, चष्मा आणि दातांचे नेहमीचे उपचार तर या हिशेबात येतच नाहीत.

जुन्या आजारांविषयीचा दावा सरळ चुकीचा आहे. 1 एप्रिल 2024 पासून प्रतीक्षा काळाची, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर जुन्या आजाराला संरक्षण मिळेपर्यंत थांबावे लागणाऱ्या काळाची, कमाल मर्यादा 48 महिन्यांवरून 36 वर आली. प्रतीक्षा काळ रद्द झालेला नाही.

आता टॉप-अप. वर दाखवलेल्या कपाती तो भरून देत नाही, त्यामुळे ‘सगळे कव्हर होईल’ म्हणून तो गळ्यात मारला जात असेल तर मजकूर लिहिणाऱ्याचा राग मी समजू शकतो. मोठ्या बिलाचे मात्र वेगळे आहे. मूळ पॉलिसी पाच लाखांची आहे, वर पाच लाखांच्या डिडक्टिबलचा (ज्या रकमेपर्यंत टॉप-अप काहीच देत नाही, ती रक्कम) टॉप-अप आहे आणि एकाच वर्षात 4 आणि 3 लाखांची दोन ग्राह्य बिले झाली, असे समजा. साधा टॉप-अप प्रत्येक दावा स्वतंत्र मोजतो, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे 2 लाख देतो. नावात एका शब्दाचा फरक असल्याने विकत घेतानाच हे विचारून घ्यावे.

क्रिटिकल इलनेसचे काम आणखी वेगळे आहे. यादीतील आजाराचे निदान झाले की बिल न पाहता ठरलेली रक्कम एकदम मिळते, आणि बुडालेला पगार किंवा घरचा हप्ता त्यातून भागवता येतो. परंतु प्रमाणित व्याख्येत कर्करोगाच्या अगदी प्राथमिक अवस्था धरलेल्या नाहीत, आणि बऱ्याच पॉलिसींत निदानानंतर ठरावीक दिवस, अनेकदा 30, रुग्ण हयात असावा लागतो. ही अट विकणारा क्वचितच आपणहून वाचून दाखवतो.