कनेक्शन पूल १० चा पुरेल की १०० चा हवा?

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) हिकारीचा पूल, म्हणजे डेटाबेसशी जोडून तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, डिफॉल्ट १० वरच ठेवा, हा माझा सल्ला खऱ्या लोडखाली टिकत नाही. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड २००, मग उरलेल्या १९० थ्रेडनी ताटकळत बसायचं का? शिवाय ऑडिटची (कुणी काय केलं याची) नोंद 'रिक्वायर्स न्यू' सेटिंगने वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दुसरं कनेक्शन घेऊन, जात असेल तर १० मध्ये सगळं अडकतं. तुम्ही पूल १०० केलात आणि टाइमआउट थांबले.

ऑडिटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तो मूळ लेखात यायलाच हवा होता, आज घातला. आमच्याकडे महिनाअखेरीच्या बिलांच्या दिवशी हेच झालं होतं. दहा थ्रेडनी एकेक कनेक्शन धरलं, प्रत्येकाला दुसरं हवं, आणि सोडायला कुणीच तयार नाही. ३० सेकंदांनी सगळे एकदम कोसळले. पण ही कोंडी तुमच्या १०० नेही फुटत नाही. २०० थ्रेडना प्रत्येकी दोन कनेक्शन लागणार असतील, तर कोंडी कधीच होऊ नये म्हणून पूल किमान २०१ चा हवा. आम्ही ऑडिटची ओळ मूळ ट्रान्झॅक्शनमध्येच लिहायला लागलो, तेव्हा प्रश्न मिटला.

आता १०० बद्दल. कनेक्शन किती वेळ धरून ठेवलं जातं, यावर सगळं ठरतं. २० मिलिसेकंदांत परत येत असेल तर १० कनेक्शन सेकंदाला ५०० रिक्वेस्ट काढतात. तुम्हीच लिहिलंय की ऑर्डर नोंदवताना ट्रान्झॅक्शनच्या आतून पेमेंट गेटवेला कॉल जातो. तो ८०० मिलिसेकंद घेत असेल, तर तीच १० कनेक्शन जेमतेम १२ रिक्वेस्ट काढतील. १०० केल्यावर १२५. म्हणून तुमचे टाइमआउट थांबले. पण तेवढा सगळा वेळ डेटाबेस रिकामा बसलाय आणि कनेक्शन मात्र अडकलेलं.

पोस्टग्रेस (डेटाबेस) प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतं. त्याची डिफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. ती तुम्ही वाढवली असेलच, पण नवी आवृत्ती चढवताना अ‍ॅपचे जुना आणि नवा असे दोन्ही इन्स्टन्स थोडा वेळ एकत्र चालतात, तेव्हा मागणी २०० वर जाते, हे धरलंय का?

आकडा वाढवण्याआधी कृपया तीन गोष्टी करून पाहा. गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. स्प्रिंग बूटचं 'ओपन इन व्ह्यू' सेटिंग बंद करा. ते चालू असलं की पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन रिस्पॉन्स तयार होईपर्यंत सुटत नाही. (बंद केल्यावर लेझी लोडिंगच्या, म्हणजे संबंधित डेटा लागेल तेव्हाच आणण्याच्या, एरर येतील. त्या क्वेरीतच दुरुस्त कराव्या लागतात, कष्टाचं काम आहे.) आणि हिकारीचं लीक डिटेक्शन २००० मिलिसेकंदांवर लावा, म्हणजे कनेक्शन कुठल्या ओळीने धरून ठेवलंय ते लॉगमध्ये दिसेल.

मग हिकारीच्या मेट्रिक्समधला कनेक्शन-वापराचा वेळ मला कळवा. तो २०-३० मिलिसेकंदांवर आला आणि तरीही त्याच लोडला १० कमी पडत असतील, तर लेखातली ती शिफारस मी बदलेन.