माळाचा कर्ब मोजायचा कुठे?

दसऱ्याच्या सुमारास मोरगावहून सुप्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहून गाडी थांबवली. डावीकडे वृक्षारोपणाचे क्षेत्र होते. समतल चर खणून वर काढलेली मुरमाड माती, तिच्या कडेने लावलेली गिरिपुष्पाची रोपे आणि त्यांपैकी निम्म्यांच्या वाळून काड्या झालेल्या. उजवीकडे कोणी काहीच केलेले नव्हते. तिथे गुडघाभर मारवेल आणि कुसळीचे गवत होते, आणि शेळ्या-मेंढ्यांनी खुडून खुडून उशीसारखे गोल झालेले हिवराचे काटेरी झाड होते. जवळच्या मेंढपाळाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मुळी जित्ती हाय, सायेब. चार-पाच पावसाळं तोंड लागलं न्हाई, तर डोक्याच्या वर जाईल."

नेमक्या याच गोष्टीवर ऑस्ट्रेलियात कार्बन क्रेडिटची, म्हणजे हवेतला कर्ब (कार्बन) शोषल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांची, मोठी योजना उभी राहिली. क्वीन्सलंडचा नैर्ऋत्य भाग आणि न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग येथील मल्गा बाभळीच्या कोरड्या कुरणांत रोपे लावायची नाहीत, चराई आवरायची आणि जमिनीत आधीपासून असलेल्या देशी झाडोऱ्याला वर येऊ द्यायचे, ही मूळ कल्पना. झाडे दोन मीटर उंचीची होतील आणि त्यांच्या फांद्यांचे छत्र किमान 20 टक्के जमीन झाकेल अशी जमीन 'वन' धरली जाते, आणि शोषलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट मिळते. कल्पना मला मनापासून पटते, कारण आपल्याकडे खड्डा खणल्याशिवाय हिरवाई येतच नाही अशी जी ठाम समजूत आहे, तिला ती छेद देते.

मात्र हिशेबात घोळ झाला. हे कर्बशोषण बहुतांशी संगणकीय प्रारूपावरून काढले जात होते. एकेकाळी त्या योजनेच्या तपासणी समितीचे अध्यक्ष असलेले प्राध्यापक अँड्र्यू मॅकिंटॉश यांनीच 2022 मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतले. यातील कित्येक जमिनींवरची झाडे कधी तोडलेलीच नव्हती आणि वाढ दिसली ती चांगल्या पावसाची, चराई आवरल्याची नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. सरकारने नेमलेल्या चब समितीने 2023 च्या जानेवारीत योजनेचा गाभा ठीक असल्याचा निर्वाळा दिला. तरीही 2024 मध्ये मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी 182 प्रकल्प तपासले, तेव्हा वृक्षाच्छादनात फारसा फरक पडलेला आढळला नाही.

माझी भीती अशी की, आपण यातला चांगला अर्धा भाग, म्हणजे न लावता येऊ देणे, सोडून देऊ आणि झाडांच्या मापाने जमीन मोजण्याचा अर्धा भाग तेवढा उचलू. झाडे लावण्याबद्दल क्रेडिट देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'ग्रीन क्रेडिट' योजनेच्या फेब्रुवारी 2024 च्या नियमांत खुरट्या आणि पडीक जमिनींवर हेक्टरी किमान 1100 झाडांची घनता सांगितली होती. बारामती-दौंड-इंदापूरच्या माळावर पाऊस पडतो 500 मिलिमीटरच्या आसपास. तेथे 1100 झाडे म्हणजे माळ मारून केलेली बाग, आणि तीही बहुधा टँकरवर जगणारी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा काय किंवा या टापूतला लांडगा काय, मोकळ्या गवताळ माळावरच टिकतो. शिवाय गवताळ जमिनीतला बहुतेक कर्ब जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. शेतकऱ्याला 'सेंद्रिय कर्ब' म्हटले की लगेच मातीच आठवते, परंतु क्रेडिटचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा छत्राकडे वळतात. चर खणताना गवताची जुनी मुळी उपटली जाते आणि त्यातून सुटणारा कर्ब कोणाच्याही वहीत चढत नाही.

म्हणून आपल्याकडे असे काही करायचेच असेल, तर माप गवताचे आणि मातीचे हवे. जोडीला हिवर, बोर, खैर जेवढे आपोआप येतील तेवढे येऊ द्यावेत. चराई बंद न करता पाळीपाळीने तुकडे विसाव्याला सोडावेत. मातीचे नमुने खोलवर घेणे खर्चिक आहे, हे मान्य. पण खर्च वाचवण्यासाठी चुकीची वस्तू मोजणे अधिक महाग पडते, हे ऑस्ट्रेलियात दिसलेच आहे.

राहता राहिला करार. तिकडे तो 25 किंवा 100 वर्षांचा असतो आणि क्रेडिट मिळते ते प्रकल्प ज्याच्या नावावर नोंदलेला आहे त्याला. इकडे गायरान सरकारच्या नावे, देखरेख ग्रामपंचायतीची, आणि पंचायतीची मुदत 5 वर्षे. ज्याच्या मेंढ्या आवरल्याने हे सारे व्हायचे, तो दिवाळीनंतर वाडा उचलून कोकणाच्या वाटेला लागतो, आणि त्याचे नाव तर कोणत्याच कागदावर नाही.