‘घर माझे, सामान माझे, मग परवानगी कसली?’ : अमेरिकेतील गराज सेलविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

शाळांना सुट्ट्या लागून घरे बदलण्याचा हंगाम सुरू झाला की अमेरिकेतील मराठी कुटुंबांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : अमेरिकेत स्वतःच्या घरासमोर जुने सामान विकायला, म्हणजे गराज सेल करायला, कोणाचीही परवानगी लागत नाही, जागा आपली आणि वस्तूही आपल्याच, त्यामुळे हा हक्क राज्यघटनेनेच दिलेला आहे, जाहिरातीचे फलक कुठेही लावावेत, कारण ते अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, एचओएला, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेला, यात बोलण्याचा अधिकार नाही, व्यवहार रोखीचा असल्याने कर लागत नाही, ‘जशी आहे तशी’ अशी चिठ्ठी चिकटवली की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, एस्टेट सेललाही, म्हणजे मृत व्यक्तीच्या घरातील सामानाच्या विक्रीलाही, हेच सारे लागू आहे, आणि परवाना मागणारी शहरे केवळ पैसे उकळतात. महिनाभरात घर रिकामे करून दुसऱ्या राज्यात जायचे असलेल्या माणसाला हे वाचून हायसे वाटते. त्यातील काही वाक्ये काही ठिकाणी खरीही आहेत, आणि नेमके तेच या संदेशातील सगळ्यात फसवे अंग आहे.

पहिले विधान ‘अमेरिकेत’ या शब्दाने सुरू होते आणि तिथेच ते चुकते. गराज सेलसाठी संघराज्याचा कोणताही परवाना नाही, हे खरे. पण तो नसण्याचे कारण असे की हा विषय मुळातच शहरांच्या आणि गावांच्या हातात आहे. डॅलस शहरात गराज सेलला परवाना घ्यावा लागतो, बारा महिन्यांत दोनपेक्षा जास्त सेल करता येत नाहीत आणि एक सेल सलग तीन दिवसांपलीकडे चालवता येत नाही. मात्र आपण बोलताना ज्याला सरसकट डॅलस म्हणतो त्यातील आयर्विंग, प्लेनो आणि फ्रिस्को ही स्वतंत्र शहरे आहेत, आणि त्यांची नियमावलीही स्वतंत्र आहे. न्यू जर्सीत तर ५६४ नगरपालिका आहेत. एडिसनमध्ये राहणाऱ्याने वूडब्रिजमधील मित्राचा अनुभव प्रमाण मानला तर तो दुसऱ्याच गावाचा कायदा पाळत असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेरील भागासाठी झोनिंगचे, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचे, नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार काउंटींना नाही. ह्यूस्टनजवळचे सायप्रस हे पत्त्यावर शहरासारखे दिसत असले तरी ते कोणत्याही नगरपालिकेत मोडत नाही, त्यामुळे तिथल्या रहिवाशाला शहराच्या परवान्याचा प्रश्नच पडत नाही. असा माणूस ‘मला कोणी काही विचारले नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने फक्त आपल्या गल्लीतील अनुभवाला देशाचे नाव दिलेले असते. आपण नेमके कुठे राहतो हे टपालाच्या पत्त्यावरून कळत नाही. मालमत्ता कराच्या बिलावर कर घेणाऱ्या संस्थांची नावे असतात आणि त्यांत शहराचे नाव आहे की नाही, हे पाहिले की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा शहराच्या संकेतस्थळावरील नियमावलीत ‘गराज सेल’ एवढे दोन शब्द शोधल्यावर सुटतो.

राज्यघटनेचा दाखला तर सरळच चुकीचा आहे. निवासी भागात कोणते व्यवहार चालावेत हे ठरवण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली, ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात मान्य केला आणि अमेरिकेतील झोनिंगची सारी इमारत त्या निकालावर उभी आहे. निवासी भूखंडावर दुकान चालवता येत नाही; गराज सेल हा त्या बंदीला दिलेला मर्यादित अपवाद आहे. म्हणूनच नियमावल्यांमध्ये दिवसांची आणि वर्षातील खेपांची मर्यादा असते, आणि विक्रीसाठी आणलेला नवा माल सहसा वर्ज्य असतो. दर शनिवारी तीच टेबले आणि तेच कपड्यांचे रॅक मांडले जाऊ लागले की ते घर आवरणे राहत नाही, तो व्यापार होतो.

फलकांच्या मुद्द्यावर जरा थांबावे लागेल, कारण इथे संदेश लिहिणाऱ्याने काहीतरी ऐकलेले दिसते. स्वतःच्या घरावर आणि अंगणात फलक लावण्याला खरोखरच मोठे संरक्षण आहे. मिसुरीतील एका उपनगराने रहिवाशांच्या फलकांवर घातलेली जवळजवळ सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रद्द केली. पुढे २०१५ मध्ये ॲरिझोनातील गिल्बर्ट गावाच्या खटल्यात न्यायालयाने मजकूर पाहून फलकांना वेगवेगळे नियम लावण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि त्यानंतर कित्येक शहरांना आपले फलकांचे नियम नव्याने लिहावे लागले. परंतु त्याच निकालात असेही म्हटले आहे की मजकुराचा भेदभाव न करता सार्वजनिक जागेवरील फलकांना बंदी घालण्यास शहरांना बरीच मोकळीक आहे. विजेच्या खांबांचा प्रश्न तर त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसच्या खटल्यात निकाली निघाला होता. तिथे खांबांवर लावलेले फलक निवडणुकीतील उमेदवाराचे होते, आणि तरीही शहराने घातलेली बंदी न्यायालयाने कायम ठेवली. राजकीय प्रचाराला जिथे जागा मिळाली नाही, तिथे ‘सोफा, २० डॉलर, डावीकडे वळा’ या मजकुराला ती मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

अडचण अशी की फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधील गवताची पट्टी आपण कापतो, पाणीही आपणच घालतो, त्यामुळे ती आपलीच वाटते. पण तिच्यावर बहुधा शहराचा हक्क असतो. चौकातील हिरवळ, ‘स्टॉप’च्या पाटीचा खांब आणि दुभाजक यांची गोष्ट तीच. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याची परवानगी काढून त्याच्या अंगणात फलक रोवणे आणि रविवारी संध्याकाळी तो आठवणीने काढून आणणे, हा बहुतेक ठिकाणी चालणारा मार्ग आहे.

‘एचओएला अधिकार नाही’ हे विधान लिहिणाऱ्याने घर घेताना सही केलेले कागद वाचलेले नसावेत. घरमालक संघटना ही सरकार नाही, त्यामुळे तिचे बंधन कायद्यातून नव्हे तर करारातून येते. वर्षातून एकदा साऱ्या वसाहतीचा एकत्रित सेल आणि एरवी मनाई, अशी अट त्या करारात असेल तर शहराचा परवाना खिशात असूनही ती पाळावी लागते. ह्यूस्टनला झोनिंगचा कायदा नाही म्हणून तिथे सगळे चालते असा एक समज आहे. पण तिथल्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत वापराबाबतच्या अटी लिहिलेल्या असतात आणि त्या अटी मोडणाऱ्याविरुद्ध खुद्द शहरही न्यायालयात जाऊ शकते.

कराच्या बाबतीत संदेश अर्धा बरोबर आहे, मात्र त्याने दिलेले कारण पूर्ण चूक आहे. रोखीचा आणि कराचा काही संबंध नाही. आठशे डॉलरला घेतलेले जेवणाचे टेबल शंभराला विकले तर आयकर लागत नाही, कारण नफाच झालेला नसतो. आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील असा तोटा करातून वजाही करता येत नाही. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या सोन्याच्या पाटल्या आजच्या भावाने विकल्या तर मात्र नफा होतो, आणि तो नोटांत मिळाला तरी करपात्रच असतो. पैसे भरण्याच्या ॲपवरून वर्षभरात वीस हजार डॉलर आणि दोनशे व्यवहार या दोन्ही मर्यादा ओलांडल्या तर मिळालेल्या रकमेची माहिती करखात्याला देणारा १०९९-के हा फॉर्म येतो; साध्या गराज सेलमध्ये तशी वेळ क्वचितच येते.

विक्रीकर ही राज्याची निराळी बाब आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. टेक्सासचा कायदा याचे चांगले उदाहरण आहे. स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तू एखाद्या व्यक्तीने विकल्या, त्या व्यक्तीकडे विक्रीकराचा परवाना नसला, वर्षभराची एकूण विक्री ३,००० डॉलरच्या आत राहिली आणि विक्रीसाठी लिलाव करणारा, दलाल किंवा आडत्या नेमलेला नसला, तर विक्रीकर माफ आहे. या अटींतील शेवटची लक्षात ठेवावी, कारण एस्टेट सेलमध्ये तीच आडवी येते.

‘जशी आहे तशी’ या चिठ्ठीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. खुर्चीचा पाय डुगडुगत असेल तर त्या चिठ्ठीला अर्थ आहे. परंतु धोकादायक म्हणून परत मागवलेली वस्तू विकण्यास संघराज्याच्या कायद्याने २००८ पासून मनाई आहे आणि ती मनाई दुकानापुरती नाही, गराज सेललाही लागू आहे. आपल्याकडे पाळणा आणि बाळाचे सामान एका घरातून दुसऱ्या घरात प्रेमाने फिरते, त्यामुळे हा धोका आपल्या अगदी जवळचा आहे. एक बाजू खाली सरकवता येणाऱ्या लाकडी पाळण्यांची विक्री, जुन्या पाळण्यांच्या फेरविक्रीसह, जून २०११ पासून बंद आहे. ‘रॉक एन प्ले’ हा फिशर-प्राइस कंपनीचा, बाळाला उतरत्या पाठीवर झोपवायचा पाळणा एप्रिल २०१९ मध्ये परत मागवला गेला, तेव्हा अशा सुमारे ४७ लाख वस्तू विकल्या गेलेल्या होत्या, म्हणजे त्यांतील काही आजही कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये असणारच. असे उतरते पाळणे आणि पाळण्याच्या कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या यांच्यावर २०२२ च्या कायद्याने बंदीच आली. या वस्तूंमुळे बालके दगावली आहेत. पाळण्याच्या तळाशी मॉडेल क्रमांकाची आणि निर्मितीच्या तारखेची चिठ्ठी असते. तो क्रमांक ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत पाहायला पाच मिनिटे लागतात. यादीत तो सापडला तर पाळणा फुकटही देऊ नये.

या संदेशाच्या अगदी उलट अशी एक भीतीही ऐकू येते : एच-१बी या नोकरीच्या किंवा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्यांनी सेल केला तर ते बेकायदा काम ठरते. स्वतःचे वापरलेले सामान निघण्यापूर्वी विकणे ही नोकरीही नव्हे आणि धंदाही नव्हे. इतरांचे सामान गोळा करून नफ्यासाठी विकत राहणे हा निराळा विषय आहे, आणि तिथे वकिलाला विचारलेले बरे.

आता एस्टेट सेल. संदेशाने त्याला एका ओळीत गराज सेलच्या रांगेत बसवले आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर इथे आलेली मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पिढी आता सरत चालली आहे, आणि दूरच्या राज्यात राहणाऱ्या मुलांवर चार शयनगृहांचे घर आठवडाभरात रिकामे करण्याची वेळ येत आहे. पुरणयंत्र, सोऱ्या, पितळी समई, हार्मोनियम आणि नाव घातलेल्या स्टीलच्या भांड्यांची उतरंड हे सारे टेबलावर मांडून त्यावर दोन-दोन डॉलरच्या चिठ्ठ्या लावल्या जातात. अशा घाईत पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो : हे सामान विकण्याचा अधिकार कोणाला आहे? मृत व्यक्तीच्या वस्तू आपोआप ‘मुलांच्या’ होत नाहीत. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, म्हणून नाव असले तरी न्यायालयाने नेमणुकीचे पत्र देईपर्यंत त्या नावाला विक्रीचा अधिकार मिळत नाही. आणि देणी भागवण्याआधी माल विकून पैसे वाटून घेतले तर धनको मागे लागू शकतात. लहान मिळकतींसाठी सोपे मार्ग आहेत, पण त्यांनाही मुदती असतात. कॅलिफोर्नियात प्रतिज्ञापत्रावर मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी मृत्यूनंतर चाळीस दिवस थांबावे लागते. आईवडिलांनी हयातीत ट्रस्ट करून घरातील वस्तू त्यात घातल्या असतील, तर बरीच कटकट वाचते.

दुसरी गोष्ट, एस्टेट सेल बहुधा एखादी कंपनी चालवते आणि विक्रीतून मोठी टक्केवारी घेते. टेक्सासमध्ये अशी कंपनी नेमली की वर सांगितलेली ३,००० डॉलरची सवलत लागू होत नाही, म्हणजे विक्रीकर गोळा करून भरावा लागतो. तो कोण भरणार, हे करारात लिहून घेतले पाहिजे. शहराचा परवाना कोणी काढायचा, हेही लिहावे. कारण अनेक शहरांनी गराज सेलच्या व्याख्येतच एस्टेट सेल घातलेला आहे आणि नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने.

तिसरी गोष्ट आपल्या घरांपुरती आहे. जुन्या पेटीत हस्तिदंती डबी किंवा सोन्यात मढवलेले वाघनख निघू शकते. हस्तिदंताच्या विक्रीवर न्यू जर्सीने २०१४ मध्ये राज्यभर बंदी घातली, न्यू यॉर्कनेही त्याच वर्षी निर्बंध कडक केले आणि कॅलिफोर्नियाची बंदी जुलै २०१६ पासून लागू झाली. वाघ संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली येत असल्याने वाघनख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकता येत नाही. या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना अपवाद आहे, पण वय सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असतो. घरातच वारसाने ठेवायला अडचण नाही. टेबलावर मात्र ते मांडू नये, आणि विक्रीच्या जाहिरातीत त्याचा फोटोही टाकू नये.

राहता राहिला पैसे उकळण्याचा आरोप. गराज सेलच्या परवान्याचे शुल्क साधारणपणे काही डॉलरांपासून दोन-तीन पिझ्झांच्या किमतीपर्यंत असते. तेवढ्यावर कोणत्याही शहराची तिजोरी भरत नाही. परवान्यामुळे सेल कुठे आणि कितव्यांदा होत आहे याची नोंद राहते, आणि अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागून अग्निशमन दलाचा बंब अडला तर कोणाला विचारायचे हे कळते. ‘तक्रार आल्याशिवाय कोणी येत नाही’ हेही संदेशात असते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे : निरीक्षक सहसा तक्रारीवरूनच येतो आणि पहिल्या वेळी बहुधा समज देऊन जातो. पण टेक्सासमध्ये शहरांच्या साध्या नियमभंगाला ५०० डॉलरपर्यंत आणि झोनिंगच्या नियमभंगाला २,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रार करणारा शेजारी बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या गाडीची वाट आदल्या शनिवारी आपल्या गिऱ्हाइकांनी अडवलेली असते.