पायोरिया झालाय? आधी मिलिमीटर विचारा

"दात साफ करून घेऊ नकोस गं, खिळखिळे होतात." लग्नकार्यात दातांचा विषय निघाला की कुणीतरी काकू हे सांगणारच. ते ऐकून लोक पायोरियाच्या मंजनावर वर्षं काढतात आणि मग थेट कवळी नाहीतर इम्प्लांटच्या चौकशीला लागतात. मधल्या उपचारांचं कुणी नावच काढत नाही.

काकूंना दिसलं ते खरं, पण खापर भलत्यावर फुटतं. पायोरियात, म्हणजे हिरड्यांच्या या आजारात, दाताला धरणारं हाड आधीच झिजलेलं असतं. कीटण निघालं, सूज उतरली की फटी उघड्या पडतात. गेलेलं हाड साफसफाईने परत येत नाही, पण पुढची झीज थांबते. नुसतं रक्त येतंय, हाड शाबूत आहे, अशा वेळी गेलात तर हिरड्या पूर्ववत होतात.

माझ्या आईच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई हिरडीच्या कडेने खुणांची बारीक सळई घालत आकडे बोलत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन, पाच, सात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी सुटून पॉकेट झालेलं असतं. 'सात' ऐकून आई चपापली, कारण तिला रक्त कधी फारसं आलंच नव्हतं. कारण मिश्री! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आतून पोखरलेली हिरडी वरून ठणठणीत वाटते.

माझं स्पष्ट मत: ही मोजणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय कुठल्याही पॅकेजला हो म्हणू नका. पहिल्याच भेटीत कुणी लेझर सुचवला तर "माझी पॉकेट्स किती?" एवढंच विचारा. लेझर हा जोडउपाय आहे, मुख्य काम स्केलिंगचं, म्हणजे कीटण काढण्याचं, आणि भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करण्याचं (रूट प्लेनिंग). दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. तरीही सहाच्या आसपास खोल पॉकेट उरलं, तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतलं साफ करून टाके घालणं. हाडाचा खड्डा योग्य आकाराचा असेल तर तिथे ग्राफ्टही (हाडाची भर) भरतात. सगळ्यांना तो लागू पडत नाही.

केमिस्टकडून गोळ्यांचा कोर्स आणून काही होत नाही. जंतूंचा थर मुळाला चिकटलेला असतो, तो खरवडूनच काढावा लागतो. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दोनेक आठवडे ठीक, पुढे दातांवर तपकिरी डाग पडतात.

आणि मधुमेहींनो, साखर बेताल असेल तर हिरड्या भरत नाहीत, आणि हिरड्यांची सूज साखरही वाढवते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. पेरिओडॉन्टोलॉजी, म्हणजे हिरड्यांच्या, विभागाचा केसपेपर काढा. विद्यार्थी हात लावतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जातो, डबा घेऊन जा.