गाराणे घालण्याची योग्य पद्धत

गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या जांभ्याच्या पठारावर, निळ्या पत्र्यांचे कुंपण उभे राहिले असेल, आत जेसीबी शिरला असेल, आणि 'हे काय चाललंय?' म्हणून विचारल्यावर पंचाने 'काय नाही, साफसफाई' असे सांगितले असेल, तर अभिनंदन. तुमच्या गावात प्रकल्प आला आहे. आता निवेदने खरडत सुटायचे नाही. प्रकल्पाशी वाटाघाटी करायच्या असतात आणि त्याची एक रीत असते. ती ठाऊक नसल्यामुळे आपल्या गोव्यात बार्देश-सासष्टीतली किती भली माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसली आहेत. पेडणे, डिचोली, फोंड्याकडच्या आपल्यासारख्यांना हे सोपे जायला हरकत नाही. देवळात कौल लावून बसायचे, देवाने उजवा दिला की बरे, डावा दिला की आपलेच काहीतरी चुकले असेल, असे म्हणून घरी जायचे, हे वळण आपल्याला लहानपणापासून आहे.

सर्वात आधी, उशिरा जागे व्हा. जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलण्याचा प्रस्ताव राजपत्रात येतो, हरकती घ्यायला तीस दिवस असतात, वगैरे गोष्टी खऱ्या आहेत; पण राजपत्र वाचणारा माणूस गावात एकच असतो आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. शिवाय वाचून कळते कुठे? आपण त्या जागेला देवाची राय म्हणतो, वयला सडा म्हणतो, म्हशीची तळी म्हणतो. राजपत्रात तिचे नाव सर्व्हे क्रमांक अमुक, उपविभाग तमुक. आजोबांपासून जिथे गुरे चारली, ती जागा कागदावर समोर येऊनही आपल्याला ओळखता येत नाही. तेव्हा फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून आपल्या डोंगराचा नंबर पाठ करून ठेवणे वगैरे प्रकार करू नयेत. असल्या माणसाशी वाटाघाटी करणे समोरच्याला फार अवघड जाते.

मग इतिहास. तो तर मुळीच काढू नका. नगर आणि ग्राम नियोजनाचा कायदा १९७४चा. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर उतरले म्हणून जानेवारी २००७ मध्ये सरकारने मागे घेतला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला 'सेझ', म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रे, हीही नकोत असे जाहीर केले. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या माणसाच्या कृतिदलाने गावोगावची माहिती गोळा करून २०२१चा आराखडा आखला. हे सगळे तुम्हाला तोंडपाठ असले तरी बैठकीत गप्प बसा, कारण पुढचे कोणी विचारले तर फजिती होईल. आराखडा झाला, की त्याला भोके पाडण्याचीही कलमे झाली. २०१८ साली अर्ज करून झोन बदलून घ्यायचे १६ब आले. मग २०२३ साली १७(२) आले, ते आराखड्यातल्या 'अनवधानाने राहिलेल्या चुका' दुरुस्त करण्यासाठी. या कलमाविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. जिथे भातशेत उभे होते, तिथे नकाशावर भातशेत दाखवले गेले होते. एवढी ढोबळ चूक! ती मालकाने अर्ज करून लक्षात आणून द्यावी आणि खात्याने नम्रपणे दुरुस्त करावी, याहून सुसंस्कृत व्यवहार कोणता? मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम रद्द केले ते केले. पण त्याआधीच, २०२४ साली, झोन बदलायचेच ३९अ येऊन बसले होते. घराला एकच दार ठेवू नये हे आपल्या पूर्वजांनाही कळत होते.

आता प्रत्यक्ष बैठक. ती देवळाच्या सभामंडपात ठरली तर उत्तम, कारण तिथे आवाज चढवायला संकोच वाटतो. बिल्डर स्वतः येत नाही. येतो तो आपल्याच शेजारच्या गावचा एक गोड मुलगा, जो चवथीला आपल्याकडे आरतीला येऊन गेलेला असतो आणि आता त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कसलासा मॅनेजर लिहिलेले असते. तो सर्व थोरांच्या पाया पडेल. मग लॅपटॉप उघडून चित्र दाखवील. चित्रात निळे आकाश, पांढऱ्या इमारती, सायकलवर एक बाई आणि खूपसे माड. ते माड जरा नीट बघा. एकाही माडाला नारळ नसतो. मी हे एकदा बोलून दाखवले, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, ''काका, गाड्यांवर पडतात ना.'' मला उत्तर सुचले नाही. ज्या माडांच्या भाटात एका पाडपाला शेकड्याने नारळ उतरत होते, तिथे आता नारळ हा अपघात ठरणार आहे.

चित्र बघून झाले की मागण्या. इथे तुमचे कसब. मागण्या भरपूर कराव्यात, पण दिसणाऱ्या. देवळाला कमान मागा. सभामंडपाच्या फरशीला ग्रॅनाइट मागा. मुलांना क्रिकेटचे टी-शर्ट, भजनी मंडळाला पेटी, जत्रेच्या नाटकाला पुरस्कर्ता. नाटकाचे तर सोने होते. वर्षानुवर्षे आपण घरटी वर्गणी काढून, मास्तरांच्या हातापाया पडून, पडदे भाड्याने आणून ऐतिहासिक नाटक करत आलो. यंदा ध्वनी-प्रकाशयोजना खास मागवता येईल आणि शिवाजी महाराज ज्या गडाच्या पडद्यासमोर उभे राहतील, त्याच्या वरच्या कोपऱ्यात 'सडा हाइट्स' असे काहीतरी बारीक अक्षरांत छापलेले असेल. महाराज गड राखायची भाषा बोलत असतील. प्रेक्षकांतून टाळ्या येतील. कोणाला काही वावगे वाटणार नाही, मी पैज लावतो.

या मागण्यांवर घासाघीस मात्र जोरात करा. कमान साध्या चिऱ्यांची की कोरीव, यावर दोन तास घाला. वरचा वाडा आणि खालचा वाडा यांत 'कमान कोणाच्या बाजूला' यावरून भांडण लागले तर फारच छान. मग पुढच्या तीन बैठका त्यातच जातात. पंधरा लाखांची मागणी पाच लाखांवर येते, तुम्हाला हरल्यासारखे वाटते आणि तो मुलगा 'काकांनी आम्हाला पिळून काढले' म्हणत हसत निघून जातो. किती फ्लॅट, किती मजले, हे तेवढे कोणीच विचारलेले नसते.

आणि विचारूही नये. विशेषतः पाणी. पाण्याचा हिशेब करायला चौथीतला मुलगाही पुरतो, म्हणूनच तो धोकादायक. नियोजनातले ठरीव माप माणशी दिवसाला १३५ लिटर. समजा फ्लॅट ४००, घरटी माणसे चार. १,६०० माणसांना रोजचे २,१६,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला जवळपास २२ टँकर, रविवार-सणवार धरून. पोहण्याचे तलाव, हिरवळ आणि गाड्या धुणे वेगळे. आता हे आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचले, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: आणणार कुठून? पेडण्याला चांदेलच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी येते, त्यामागे तिळारी धरणाचे, आणि तिळारीचा कालवा फुटला की आपल्याकडे बायका घागरी घेऊन विहिरीवर जातात आणि पुरुष पाणीपुरवठ्याच्या ऑफिसवर. म्हणजे २२ टँकर शेवटी कुठल्यातरी विहिरीतूनच भरायचे. कोणाच्या? असे प्रश्न निघाले की वातावरण गढूळ होते. त्यापेक्षा कमानीवर बोला.

सड्याचेही तसेच. आमच्याकडचे जुने लोक म्हणत, सडा पाणी पितो आणि उन्हाळ्यात थेंबाथेंबाने परत देतो. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही जांभ्याच्या भोकांतून आत मुरतो आणि पायथ्याशी झरीतून बाहेर येतो. त्या झरीवर पोफळींचे कुळागर, कुळागरावर सुपारी, सुपारीवर कोणाचे तरी शिक्षण. डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला परवानगी लागते, असे त्याच १९७४च्या कायद्यातले १७अ कलम सांगते. पण सडा कापलेला नाही, त्यावर फक्त काँक्रीट घातले, असे म्हणता येते. हे मी सुचवत नाही, मी ऐकले आहे.

तुमच्यातला एखादा शिकलेला तरुण उठून 'जनसुनावणी घ्या' म्हणेल. त्याला प्रेमाने खाली बसवा. पर्यावरणाच्या मंजुरीची जी २००६ची केंद्रीय अधिसूचना आहे, तिने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. खाण काढायची तर लोकांना विचारायचे. खाणीएवढी वसाहत वसवायची तर नाही. आणि मंजुरीची गरजही २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. त्यामुळे एखादा प्रकल्प १९,९०० चौरस मीटरवर समाधान मानतो आणि शेजारच्याच प्लॉटवर, वेगळ्या नावाने, तेवढेच समाधान मानणारा दुसरा उभा राहतो. एवढी अल्पसंतुष्टता आपल्या संतांनाही जमली नव्हती.

ग्रामसभेला अवश्य जा. विशेष ग्रामसभांसाठी कायद्याने २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर यांच्या आसपासचे दिवस नेमले आहेत. स्वातंत्र्य, गांधी आणि मुक्ती, असा सगळा गोतावळा पाठीशी घेऊन आपण माइकसाठी धक्काबुक्की करतो. भरपूर ओरडा. प्रकल्पाविरुद्ध ठराव एकमताने घ्या. पण सचिवाने तो इतिवृत्तात काय शब्दांत लिहिला, ते तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगू नका, त्याची सही-शिक्क्याची प्रत मागू नका, माहिती अधिकारात जमीन-रूपांतराची सनद आणि मंजूर नकाशा तर नकोच. सचिवही माणूस आहे, त्याला दुपारी जेवायला जायचे असते. पंचायतीने धीर करून परवाना नाकारलाच, तर फटाके लावा. मग बिल्डर पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जाईल. तिथे फटाके लावायला जागा नसते, आणि गावातून रजा टाकून कोण जाणार, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना हात जोडलेले चित्र पाठवतील.

(माझ्या स्वयंपाकघराला सहा फुटांची पडवी काढायची होती, तेव्हा मी पंचायतीत अकरा वेळा गेलो. प्रत्येक वेळी एक कागद कमी होता. अकराव्या वेळी मला सांगण्यात आले, की पडवीमुळे शेजाऱ्याचा वारा अडेल. शेजारी मीच आहे, दोन्ही घरे वडिलोपार्जित. ते असो.)

एक नाजूक गोष्ट राहिली. जमीन विकली कोणी? दिल्लीचा माणूस विमानातून उतरून सडा खिशात घालून गेलेला नाही. विकणारा आपल्यातलाच, आणि खरे सांगायचे तर त्याच्यावर दात खाताना माझीच जीभ चावली जाते. सतरा वाटेकरी, त्यांतले अर्धे मुंबईत, दोघे आखातात, नारळ उतरवणारा पाडेली मिळत नाही, गव्यांनी आणि माकडांनी काही शिल्लक ठेवलेले नाही, मुलीचे लग्न. गावातल्या कोणीही त्याला 'विकू नकोस, आम्ही मिळून कसतो' असे म्हटले नव्हते. मीही नाही. दर किती मिळाला, एवढे मात्र प्रत्येकाने विचारले. तेव्हा बैठकीत त्याच्याकडे बघू नका. तोही तुमच्याकडे बघत नसेल.

शेवटची मागणी न विसरता लेखी घ्या: गावच्या मुलांना नोकऱ्या. ही ते हमखास मान्य करतात आणि पाळतातही. बागेत पाणी घालायला, जिने पुसायला आणि फाटकावर. वर्षातले अकरा महिने बहुतेक फ्लॅट अंधारात असणार, म्हणजे काम हलके.

आणि मग पुढल्या वर्षी सड्यावरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोटाचा नैवेद्य द्यायचा दिवस येईल. त्याची जागा आता कुंपणाच्या आत, क्लबहाउसच्या मागे. नारळ, रोट, विडी आणि सोऱ्याची (दारूची) बाटली पिशवीत घेऊन तुम्ही फाटकावर जाल, तेव्हा गणवेशातला मुलगा वही पुढे करील. गावचाच असला तरी वही भरावी लागते, वर कॅमेरा असतो. नाव, मोबाइल, वेळ. 'कोणाकडे जायचे आहे' या रकान्यात 'राखणदार' असे लिहा. तो वाचेल, जरा गोंधळेल आणि म्हणेल, ''तो तर मीच.'' वाद घालू नका. विडी आधी त्याला द्या.